आत आले तर चहा होईल

"आत नको. आत आले तर चहा होईल, आणि चहा झाला की पुढची दोन घरं राहतील."

असं म्हणून काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या राहायच्या. एका पायातली चप्पल काढलेली, दुसऱ्या पायातली तशीच. घरच्यांचा आग्रह अर्धा मान्य, अर्धा नामंजूर असा तो प्रकार होता. खांद्याला जाड कापडाची भलीमोठी पिशवी. समोरच्याचा हात खिशाकडे गेला की त्या आपला हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "पैसे राहू द्या हो. घरात सतरंजी आहे का?"

तुम्ही कधी गणपतीची किंवा आणखी कशाची वर्गणी मागत दारोदार हिंडला असाल तर तुम्हाला अनुभव असेल. पैसे न देण्याची कारणं लोकांच्या जिभेवर तयार असतात. पगार झाला नाही, मालक घरी नाहीत, मागच्या गल्लीत कालच दिले. पण सतरंजी न देण्याचं कारण कुणाकडेच तयार नसतं. माणूस गडबडतो, आत वळून बायकोकडे बघतो आणि बायको म्हणते, "है ना, पेटी के नीचे." काकूंनी हे कुठल्या शाळेत शिकून घेतलं होतं कोण जाणे. मी शाळेतच नोकरी करत होते आणि मला ते येत नव्हतं.

इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत गेल्या, त्या वर्षांतली ही हकीकत आहे. माझे वडील मिलच्या ऑफिसात कारकून होते आणि मी एका शाळेत चित्रकला शिकवत होते. आमचं घर परदेशीपुऱ्याच्या बाजूला, मिलच्या भिंतीला लागून असलेल्या मैदानाच्या एका टोकाला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कामगारांच्या खोल्यांची रांग. शहराच्या मध्यावर राजवाड्याकडे गेलं की दर महिन्याला नव्या सामानाचं नवं दुकान दिसायचं. परत आमच्याकडे यावं तर भर दुपारी धडधाकट माणसं ओट्यावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत असायची. ज्यांनी आयुष्यभर भोंग्यावर जेवणं केली त्यांना आता केव्हा जेवावं तेही समजत नव्हतं.

या सगळ्यावर कलेचा उतारा द्यावा असं माझ्या मनात आलं. मी तेव्हा स्वतःला कलावंत समजत असे, हे कबूल करून टाकते. मैदानात दोन दिवसांचा खुला कलामेळा भरवायचा. गाणं, नाटुकली, मुलांची चित्रं, मिलच्या भिंतीवर रंगकाम. तिकीट नाही, दार नाही, ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. आमच्या शाळेतले संगीताचे सर आणि नाटक करणारी चारपाच मंडळी लगेच तयार झाली. मग आम्ही वर्गणीला निघालो आणि तीन संध्याकाळी हात हलवत परत आलो. एका घरी तर त्या माणसाने शांतपणे विचारलं, "मॅडम, आमच्याकडे काय बघून आलात?" मी वर्गणीचं पुस्तक मिटलं.

चौथ्या दिवशी काकू माझ्या दारात आल्या. तोवर मी त्यांना नुसती तोंडओळखीने जाणत होते. सगळा मोहल्ला त्यांना काकू म्हणे आणि हिंदी घरांतले लोक आणखी मान द्यावा म्हणून काकूजी म्हणत. मिलच्या रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली होती. तुटलेला धागा चालत्या मशीनवर गाठ मारून जोडायचा, हे त्यांचं काम. उंचीने एवढ्याशा, पण आवाज असा की मशीनच्या गोंगाटावरून पलीकडच्या बाईला ऐकू जावा. तो आवाज मिल बंद झाली तरी खाली आला नव्हता.

"तू कारकूनसाहेबांची ना? तू कार्यक्रम कर बेटा. माणसं मी आणते," त्या उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या.

मी खूश झाले. म्हटलं, "काकू, तुम्हाला गाण्याची आवड आहे वाटतं."

"मला? छे. मला त्यातलं काही समजत नाही. मला झोप येते." मग त्या म्हणाल्या, "हे बघ, खरं सांगते. माझ्या घरात एक माणूस आहे. मिल बंद झाली त्या दिवसापासून तो खोलीच्या बाहेर नाही निघाला. दीड साल झालं. एकट्याला चल म्हटलं तर येत नाही. सगळा मोहल्ला बाहेर बसला तर शायद येईल. म्हणून मला सगळा मोहल्ला पाहिजे."

त्या ज्यांच्याबद्दल बोलत होत्या ते काका मला चांगले आठवत होते. ते लूमवर, म्हणजे मागावर होते. त्यांना स्वतःला गाता येत नसे, वाजवता येत नसे, नाटकात कधी भालदारसुद्धा झाले नव्हते. पण मिलच्या गणपतीत कार्यक्रम असला की गाणारे आधी बघून घ्यायचे, ते कुठे बसलेत. चांगली जागा आली की त्यांच्या तोंडून "वाह भिया!" अशी इंदुरी दाद निघायची, इतकी मनापासून की गाणारा तीच ओळ पुन्हा घ्यायचा. जागा फसली तर ते काही बोलत नसत, फक्त स्वतःच्या गुडघ्याकडे बघत बसत. माझे वडील म्हणत की हा माणूस समोर असला की साधा गवईसुद्धा जरा बरा गातो.

मिल बंद झाली त्या सकाळी ते नेहमीसारखे डबा घेऊन फाटकावर गेले होते. पास हातात धरून उभे. ओळखीच्याच दरबानाने मान हलवली आणि पास परत दिला. काका घरी आले, डबा कोनाड्यात ठेवला आणि घरातल्या सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून बसले. काकू सांगत होत्या, "रागावले असते तर बरं होतं. रडले असते तर आणखी बरं होतं. हे तर बसून राहिले."

असं सगळं उघड सांगून झाल्यावर काकू कामाला लागल्या आणि पहिल्या दिवशीच त्यांनी मला वर्गणीचं पुस्तक घरी ठेवायला लावलं.

"पैसे दिले की माणूस सुटला," त्या चालता चालता मला समजावत होत्या. "दार लावून टीव्ही बघायला मोकळा. सतरंजी दिली की त्याचा जीव तिच्यात अटकतो. कोण बसलं, कोणी पान तर नाही थुंकलं, बघायला तो येणारच. आणि आला की उभा किती वेळ राहील? बसेल ना. आणि बसेल कुठे? आपल्याच सतरंजीवर!"

मी म्हटलं, "आणि मग कार्यक्रमाचा खर्च?"

"माणसं जमली की सब होतं. आधी माणसं."

आणि झालंही तसंच. ज्यांनी सतरंज्या दिल्या त्यांनी मग आपणहून विचारलं की दिवे कुठून लावणार. एकाने आपल्या घरातून वायर ओढून दिली, एकीने पाण्याचे माठ भरून ठेवले, सुताराने मिलच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या ठोकून स्टेज केलं. मी तीन संध्याकाळी मागूनही जे मिळालं नव्हतं ते न मागता येत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागही येत होता.

पहिल्या वर्षी मैदान भरलं. पौष महिना, चार वाजताचं ऊन, पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या आणि त्यांवर रिकाम्या हातांची माणसं शेजारी शेजारी बसलेली. काकू मात्र बसल्या नाहीत. त्या सगळ्यांच्या मागे, आपल्या खोलीच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या. खोलीचं दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं. सर गात होते आणि काकू दाराकडे बघत होत्या. दारात कुणी आलं नाही.

त्या वर्षीचा गोंधळ मी विसरणार नाही. कार्यक्रम संपला, लोकांनी आपापल्या सतरंज्या उचलल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर निम्मा मोहल्ला काखेत सतरंजीची वळकटी घेऊन रस्त्यावर. झालं होतं असं की सगळ्यांनी त्या मिलच्या सोसायटीच्या दुकानातून घेतलेल्या. एकच माप, तेच निळे-लाल पट्टे, तीच किनार. कुणी कुणाची नेली काही पत्ता नव्हता. "भाभीजी, ही तुमची तर नाही? आमच्या सतरंजीला कोपऱ्यात चटका आहे इस्त्रीचा." असं करत लोक घराघरांत शिरत होते, आणि एकदा शिरले की चहा होत होता. ज्या दोन घरांत नळावरून चार वर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्यातही सतरंज्या बदलून झाल्या. तीन दिवस हे चाललं. सगळे काकूंना बोल लावत होते आणि काकू सगळ्यांचं ऐकून घेत होत्या, पण त्या हसू दाबत होत्या हे मी पाहिलं.

दुसऱ्या वर्षापासून त्यांनी खुणा घालायला सुरुवात केली. सतरंजी घेतली की तिथेच दारात पिशवीतून सुई काढायची आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने खूण टाचायची. नाव नाही, कारण वाचता न येणारे बरेच होते. ज्यांच्याकडे पोपट त्यांच्या सतरंजीवर पोपट. चहावाल्याची किटली. सरांचा तंबोरा, जो बराचसा दुधी भोपळ्यासारखा दिसायचा. माझ्या सतरंजीवर त्यांनी छत्री काढली.

"छत्री का?" मी विचारलं. मी चित्रकलेची शिक्षिका. ब्रश काढतील, रंगाची पेटी काढतील अशी माझी अपेक्षा.

"तू थंडीतपण छत्री घेऊन फिरते. सगळे तुला छत्रीवाली मॅडम म्हणतात. माहीत नाही तुला?"

मला माहीत नव्हतं. पुढे आठवडाभर मी छत्री नेली नाही.

काकूंच्या स्वतःच्या घरची सतरंजी मात्र मैदानात येत नसे. कुणी चिडवलं तर त्या म्हणत, "आमची रिकामी नाही. तिच्यावर माणूस बसलाय." लोक हसायचे आणि लगेच विषय बदलायचे, कारण ते खरंच होतं. दुसऱ्या वर्षीही दार उघडं होतं आणि दारात कुणी आलं नाही. पण काकू मला म्हणाल्या, "भिंतीकडून तोंड फिरवलं. दाराकडे करून बसले होते. मी बघितलं." एवढ्यावर त्या वर्षभर आनंदात होत्या.

तिसऱ्या वर्षी मी जी माती खाल्ली ती आता सांगायला हवी.

आमच्या मेळ्याचं नाव बरंच झालं होतं. एका थंड पेयाच्या एजन्सीचा माणूस शाळेत मला भेटायला आला. टाय वगैरे लावलेला. "मॅडम, आप बस कलाकार बुलाइए. स्टेज, साउंड, कुर्सी, सब हमारा. फ्री ही रखेंगे, टिकट नहीं. सिर्फ पास रहेगा, भीड़ के लिए." मी भाळले. सतरंज्या गोळा करून, झटकून, परत करून मी दमले होते असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्या आणि मोठा स्टेज माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी हो म्हटलं आणि मग काकूंना सांगायला गेले.

काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "खुर्ची रिकामी राहिली तर फार रिकामी दिसते बेटा. सतरंजीवर कमी माणसं असली तर सरकून बसता येतं." मग त्यांनी पास कुठे मिळतील ते विचारलं आणि स्वतः घरोघर जाऊन वाटले. माझ्यावरच्या मायेपोटी वाटले हे मला नंतर समजलं. लोकांनी पास घेतले आणि कपाटात, नाही तर देवाच्या फोटोमागे ठेवून दिले. सतरंजी दिली नव्हती, त्यामुळे बघायला यायचं असं काही राहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी पुढच्या रांगांत शहरातली मंडळी येऊन बसली. मागच्या खुर्च्या मोकळ्या. भोवती दोरी, दोरीला रंगीत पताका, आणि दोरीच्या तोंडाशी एजन्सीचा माणूस. आमच्या मोहल्ल्यातले जे आले ते दोरीबाहेर उभे राहिले. मी स्टेजजवळ पळापळ करत होते आणि माझी तिकडे पाठ होती, म्हणून मी ते पाहिलं नाही. सरांनी मला नंतर सांगितलं.

काका आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, काकूंच्या मागून चार पावलं अंतर ठेवून मैदानात आले होते. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. काकू आत शिरल्या आणि मागून काका आले, तेव्हा त्या माणसाने हात आडवा केला आणि म्हणाला, "पास?"

पास काकूंच्या पिशवीत होता. त्या वळल्या, पिशवीत हात घातला. पण काका तोवर माघारी फिरले होते. त्यांनी वाद घातला नाही. मिलच्या फाटकावरून आले होते तसेच घरी गेले आणि दार आतून लावून घेतलं.

मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी काकूंच्या दाराशी गेले, तर दार बंद. आतून त्यांचा आवाज आला, "आता नको बेटा. आता जा." त्या आवाजाला पहिल्यांदाच जोर नव्हता. मी घरी येऊन रडले. एका माणसाला घराबाहेर काढायला या बाईने तीन वर्षं साऱ्या मोहल्ल्याचे उंबरे झिजवले होते आणि मी चार पांढऱ्या खुर्च्यांसाठी त्याला परत आत घातलं होतं. काकू आता माझ्या दारी कधी येणार नाहीत याची मला खात्री होती.

पुढच्या कार्तिकात त्या आल्या. तीच पिशवी, एका पायातली चप्पल काढलेली. मी धावत जाऊन वाकले तर म्हणाल्या, "पाया मग पड. आधी सतरंजी काढ."

मी विचारलं, "काकू, तुम्ही मला काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तू चांगलंच करायला गेली होती. मतलब, मोठं करायला गेली. होतं असं." आणि आत डोकावून, "छत्रीवाली आण, दुसरी नको."

माझी सतरंजी एव्हाना विरली होती. मधोमध दोन बोटं जाईल एवढं भोक. मी ओशाळून दाखवलं. काकू म्हणाल्या, "सगळ्यांच्या अशाच झाल्यात. मी शिवते घरी बसून." त्या वर्षी कार्यक्रमाच्या महिनाभर आधीच त्यांनी साऱ्या सतरंज्या आपल्या खोलीत नेऊन ठेवल्या. त्या एवढ्याशा खोलीत काका भिंतीशी आणि त्यांच्या समोर छताला लागेल असा सतरंज्यांचा ढीग. पुढचं मला काकूंनी स्वतः सांगितलं, तेही पदरात तोंड लपवून हसत.

त्या काकांच्या समोर बसून शिवत होत्या. पहिल्या दिवशी एक शिवली. दुसऱ्या दिवशी दोन. काका बघत होते. ताणा एकीकडे, बाणा दुसरीकडे, मधे दोऱ्याचा पुंजका. आयुष्यभर लूमवर उभा राहिलेला माणूस, त्याला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी काकूंनी एका सतरंजीच्या निळ्या पट्ट्यात लाल दोरा घातला. तेव्हा काका उठले, त्यांच्या हातातून सुई घेतली आणि म्हणाले, "असं नाही."

"मग कसं?" काकूंनी विचारलं.

"हो तिकडे."

त्यानंतर काकूंना सुईला हात लावायची मनाई झाली. काकूंनी शिवलेलं सगळं काकांनी उसवलं आणि पुन्हा भरलं. धाग्याला धागा लावून, पट्टा पट्ट्याला जुळवून, गाठी सगळ्या खालच्या बाजूला. महिनाभर ते त्या ढिगात होते. ज्या सतरंजीवर ते इतकी वर्षं बसले होते तीही त्यांनी उठून भरून काढली, कारण तिचीच हालत सगळ्यांत वाईट होती.

हे सांगून झाल्यावर काकू डोळे पुसत होत्या आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. चालत्या मशीनवर नजरेला न दिसेल अशी गाठ मारणारी बाई. तिला सतरंजीला सरळ टाका घालता येत नव्हता? मी तसं विचारलं. काकू म्हणाल्या, "चल, मला पुढची घरं आहेत," आणि चालू लागल्या. त्या आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरापर्यंत आधीच जाऊन आल्या होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारीच मैदानात सतरंज्या घालायला गेले. दोरी नाही, खुर्ची नाही, पहिल्या वर्षीचंच फळ्यांचं स्टेज. मी चारपाच अंथरल्या असतील, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मास्तरीणबाई, उलटी घातली."

मी वळून बघितलं. काका उभे होते, खांद्यावर एक वळकटी घेऊन.

"गाठी खाली पाहिजेत. बसणाऱ्याला टोचतात," ते म्हणाले आणि खाली वाकून त्यांनी सतरंजी उलटली, हाताने सपाट केली, मग पुढची घेतली. मी घातलेल्या सगळ्या चुकल्या होत्या. ते मला दुसऱ्यांदा रागावले, तिसऱ्यांदा रागावले. मला आयुष्यात कुणाचं बोलणं खाताना इतका आनंद झालेला नाही. शेवटी त्यांनी खांद्यावरची वळकटी सोडली आणि अगदी स्टेजसमोर घातली. ती त्यांच्या घरची होती. तिच्या कोपऱ्यात खूण नव्हती, कारण ती कधी बाहेर आलीच नव्हती.

संध्याकाळी सर गायला बसले. नेहमीप्रमाणे मान वर करून त्यांनी समोर बघितलं आणि त्यांचा आवाज थोडा हलला. पहिला अर्धा तास काका नुसते ऐकत होते. आम्ही सगळेच खरं तर गाणं ऐकत नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो. मग एका जागी सर वरून अलगद खाली आले आणि काकांची मान हलली, हात गुडघ्यावरून उचलला गेला.

"वाह भिया!"

सरांनी तीच ओळ पुन्हा घेतली. मैदानभर लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या गाण्याला होत्या की कशाला, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी मागे वळून काकूंना शोधलं. त्या मागे उभ्या नव्हत्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या बसल्या होत्या, काकांच्या शेजारी, आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली होती. गाण्यात झोप येते हे त्या खरंच सांगत होत्या.

मेळा पुढे चालत राहिला. मिल काही पुन्हा सुरू झाल्या नाहीत. कुणी रिक्षा घेतली, कुणी कृष्णपुऱ्याच्या पुलाशी हातगाडी लावली, कुणी मुलांबरोबर पीथमपूरच्या कारखान्यांकडे गेले. पण पौषातल्या त्या शनिवारी-रविवारी लोक लांबून लांबून आपली सतरंजी बघायला यायचे. काकू दरवर्षी पिशवी घेऊन निघायच्या आणि मोहल्ला सोडून गेलेल्यांच्या नव्या घरांचे जिनेही चढायच्या. वडील गेल्यावर आम्ही अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. तिथेही त्या धापा टाकत यायच्या, आणि तरी आत येत नसत.

मी या बाईचं किती देणं लागते हे मला तेव्हा समजत होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मी मुलांना चित्रं काढायला शिकवलं, स्टेज सजवले, भाषणं केली. पण माणसाला माणसांत कसं आणून बसवायचं, तेही त्याला कळू न देता, हे मी काकूंकडून शिकले. अजूनही शिकतेच आहे.

मागच्या पावसाळ्यात काकू गेल्या. आजारी फार दिवस नव्हत्या. मी भेटायला गेले होते तेव्हा काका उशाशी बसून होते. परत येताना माझ्या मनात जुनी भीती उभी राहिली, की हा माणूस आता पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. मेळ्याचं मी मनातल्या मनात संपवूनच टाकलं होतं. सतरंजी मागायला कोण येणार होतं?

कार्तिक लागला. एका सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर काका होते. तीन जिने चढून आल्यामुळे श्वास लागलेला, एक हात भिंतीला, खांद्याला ती जाड कापडाची पिशवी. एका पायातली चप्पल काढलेली होती.

मी म्हटलं, "काका, या ना. आत या. बसा."

त्यांनी मान हलवली. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखे ते एकेक शब्द जुळवून म्हणाले, "आत नको, मास्तरीणबाई. आत आलो तर चहा होईल. अजून दोन घरं राहिलीत."

मी आत गेले आणि छत्रीवाली सतरंजी काढून आणली.